ऊन दिसत नाही तेव्हा: ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात मन मरगळू न देण्यासाठी

डिसेंबरात भाचीचा हेलसिंकीहून फोन आला की आमचं भांडण ठरलेलं. "मावशी, तुझ्याकडे साडेदहा तासांचा दिवस आहे गं! माझ्याकडे सहा तासही पुरते भरत नाहीत." मी म्हणते, "दिवस आहे, पण ऊन कुठंय?" मग मोबाईल खिडकीबाहेर धरून तिला कोहरा दाखवते. समोरच्या वाड्याची गच्चीसुद्धा दिसत नसते. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागात जन्म गेला माझा, पण 'धुकं' हा शब्द इथल्या पांढऱ्या भिंतीला तोकडा वाटतो. कोहरा तो कोहराच.

भांडणात दोघींचंही बरोबर असतं. तिच्याकडे सूर्य उगवतोच उशिरा आणि मावळतो लवकर. आपल्याकडे तो वेळेवर उगवतो, पण डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत कित्येक दिवस तोंडच दाखवत नाही. हवामान खात्याच्या भाषेत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली असताना दिवसाचं कमाल तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त उतरलं की तो 'शीत दिवस'. माझा अनुभव असा, की थंड रात्र रजईत निघून जाते, मन खातो तो शीत दिवस. दुपारी बारालाही दिवे लावावे लागतात, वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहतात आणि माणूसही हळूहळू तसाच दमट होतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीत माझं हेच झालं. शाळा नव्हती, घंटा नव्हती. साडेनऊला उठायचं, चहा घेऊन परत रजईत शिरायचं, दुपारी गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई, खात टीव्ही बघायचा, संध्याकाळी कोणी आलं तर वैताग. आठवडाभर केस विंचरले नव्हते हे वन्संनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात जे करत आले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. ग्वाल्हेरकरांसाठी आहेच, पण ज्यांची मुलं टोरांटो-स्टॉकहोमला आहेत त्यांनी त्यांनाही वाचून दाखवावं. काळोखाचं प्रमाण वेगळं असलं तरी मनाचं यंत्र एकच आहे.

आधी हे होतं कशाने?

मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते रोज थोडं मागेपुढे होतं. त्याला किल्ली देतो तो सकाळचा उजेड, तोही डोळ्यांतून. डोळ्यांवर पुरेसा उजेड पडला की रात्रीचं झोपेचं रसायन, मेलाटोनिन, थांबतं आणि शरीराला दिवस सुरू झाल्याची वर्दी मिळते. ही वर्दी पोचलीच नाही तर घड्याळ मागे पडतं. सकाळी डोळे उघडत नाहीत, दिवसभर सुस्ती, गोड आणि पिठूळ खायची वखवख, माणसांचा कंटाळा. काही जणांत हे दरवर्षी ठरल्या ऋतूत इतकं वाढतं की तो आजार ठरतो. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं रीतसर वर्णन केलं आणि उजेडाचा उपचारही मांडला. बाकीच्या आपल्यासारख्यांना त्याची सौम्य झुळूक लागते.

आता गंमत बघा. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्वाल्हेरात सूर्य सर्वांत लवकर मावळतो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सातनंतर. म्हणजे २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत असला तरी सकाळ मात्र संक्रांतीच्या तोंडापर्यंत पुढेपुढेच सरकत असते. आणि आपल्याला गरज असते ती नेमकी सकाळची.

हे समजलं तेव्हा मला सासूबाईंचा धुंधुरमास आठवला. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. त्या पहाटे उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत असा स्वयंपाक करायच्या आणि सूर्य उगवताना नैवेद्य दाखवून सगळ्यांना जेवायला बसवायच्या. आम्ही सुना मनातल्या मनात कुरकुरायचो. वर्षातल्या सगळ्यात आळशी महिन्यात घरातल्या प्रत्येकाला अंथरुणातून उठवून, न्हाऊमाखू घालून, सूर्योदयाला चौकात आणायची ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ते असो. पूर्वजांना मेलाटोनिन ठाऊक होतं असला दावा मी करणार नाही, तसले निरोप व्हॉट्सॲपवर पुष्कळ फिरतात. पण सवय लाख मोलाची होती.

पहिली पायरी: उठायची वेळ पक्की करा

झोपायची नव्हे, उठायची. झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, उठणं असतं. माझी वेळ साडेसहा आहे, रविवारीही तीच. रात्री झोप नीट झाली नाही तरी उठायचं, दुपारी फार तर अर्धा तास आडवं व्हायचं.

रजई सोडवत नाही ही खरी अडचण, तेव्हा तिच्याशी मनाच्या निर्धाराने लढू नका. रात्रीच स्वेटर, मोजे, कानटोपी उशाशी ठेवा आणि रजईच्या आतच घाला. गजराचा फोन दाराजवळ ठेवा. थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. खोलीतला सगळ्यात प्रखर दिवा उठताक्षणी लावा, नवरोबांनी कितीही त्रागा केला तरी.

दुसरी पायरी: उजेड डोळ्यांपर्यंत पोचवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

उजेड लक्समध्ये मोजतात. फोनवर मोजायची फुकट ॲप्स मिळतात, अगदी काटेकोर नसली तरी अंदाज येतो. एका कोहऱ्याच्या सकाळी मी आमच्या वाड्यात मोजणी केली. दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावून शंभर-सव्वाशे, खिडकीला टेकून सातशेच्या आसपास, आणि गच्चीवर, जिथे सूर्याचा मागमूस नव्हता, तिथे पाच हजारांच्या वर. स्वच्छ उन्हात हाच आकडा ५० हजार ते १ लाखापर्यंत जातो. आपले डोळे इतके जुळवून घेतात की हा फरक जाणवत नाही, खोलीही उजळ वाटते आणि गच्चीही. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो बरोबर कळतो.

म्हणून ऊन नसलं तरी बाहेर जायचं. उठल्यापासून तासाभराच्या आत, निदान अर्धा तास, कोहरा असेल तर पाऊण तास. गच्ची, अंगण, गॅलरी, काहीही चालेल. चहाचा कप वर घेऊन जा, मटार सोला, पेपर वाचा. सूर्याकडे टक लावून बघू नका, उघड्या आभाळाखाली असणं पुरे. गॉगल नको. खिडकीच्या काचेतून येणारा उजेड अगदीच फुकट नाही, पण काचेपासून चार हात मागे सरकलात की तो झपाट्याने कमी होतो.

इथे एक सावधगिरी. कोहऱ्याबरोबर धूरही खाली बसतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून किल्ल्याच्या चढावर जाण्याचा पराक्रम करू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. हवेचा निर्देशांक फोनवर बघा. फार वाईट असेल तर गॅलरीत बसा आणि नऊ-दहानंतर, हवा जरा हलली की, चक्कर मारा. उजेड थोडा उशिरा मिळाला तरी मिळू दे.

'ड' जीवनसत्त्वाचं ऊन वेगळं. ते कोवळ्या उन्हात जवळपास बनत नाही आणि काचेतून तर नाहीच. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. हिवाळ्यात साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बसावं. म्हणजे सकाळचं ऊन घड्याळासाठी, दुपारचं हाडांसाठी. मनमर्जीने 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटांची पुडी दर आठवड्याला घेत राहणारे लोक आमच्या गल्लीतच चार आहेत. आधी तपासणी करा, हे जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं तर बाधतं.

तिसरी पायरी: घराची मांडणी तीन महिन्यांसाठी बदला

लष्करातले जुने वाडे उन्हाळ्यासाठी बांधलेले आहेत. जाड भिंती, लहान खिडक्या, मधला चौक. मे महिन्यात स्वर्ग, जानेवारीत तळघर. आमच्या घरात बसायची खुर्ची वर्षानुवर्षं आतल्या भिंतीला होती, कारण ती तिथेच असते. मी ती दक्षिणेच्या खिडकीशी नेली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो, त्यामुळे त्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं. एवढ्या एका बदलाने दुपार पालटली.

बाकीचं चटकन सांगते. जाड पडदे दिवसा पूर्ण बाजूला सारा. काचा आतून-बाहेरून पुसा, दिवाळीनंतर त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. ज्या खोलीत सकाळ जाते तिथे जास्त वॅटचा पांढरा एलईडी लावा, आणि संध्याकाळी सातनंतर पिवळा मंद दिवा.

चौथी पायरी, फक्त गरज असणाऱ्यांसाठी: उजेडाचा दिवा

भाची सकाळच्या न्याहारीला टेबलावर असा दिवा लावून बसते. तिच्याकडे तो चैनीचा नाही, चष्म्याइतका गरजेचा आहे. आपल्याकडे ज्यांना दर हिवाळ्यात खरोखर त्रास होतो, किंवा जे रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांनी विचार करावा. घेताना बघायचं ते असं: १० हजार लक्स, आणि ते किती अंतरावर हे स्पष्ट लिहिलेलं. चांगल्या दिव्यात ते साधारण ४० ते ६० सेंटीमीटर असतं. पाच इंचांवरून १० हजार देणारा दिवा कामाचा नाही, कोणी नाक लावून बसत नाही. अतिनील किरण गाळलेले हवेत. दिवा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर, जरासा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे बघायचं नाही, वाचत-खात राहायचं. सकाळी उठल्यावर अर्धा तास. संध्याकाळी लावलात तर रात्रीची झोप उडेल. फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात.

डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, उजेड सोसत नाही अशी औषधं चालू असतील, किंवा मन कधी खोल बुडून कधी बेफाम उधळण्याचा आजार, ज्याला बायपोलर म्हणतात, स्वतःला किंवा घरात कोणाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. त्याने उधाण येऊ शकतं.

पाचवी पायरी: मूड यायची वाट न बघता हलायचं

मरगळीत मन म्हणतं, बरं वाटलं की करू. उलट चालतं ते. आधी करायचं, मग बरं वाटतं. पण करायचं ते हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवायचं. मी त्या पहिल्या हिवाळ्यात 'रोज तासभर फिरायचं' असं ठरवलं आणि दोन दिवसांत सोडलं. मग ठरवलं, फक्त बूट घालून फाटकापर्यंत. फाटकापर्यंत गेलेला माणूस सहसा कोपऱ्यापर्यंत जातो.

चार सूर्यनमस्कार चालतील, बाराच हवेत असं नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीत बसून हातपाय हलवा, जिने चढा, बैजाताल किंवा कटोराताल यांच्या कडेने दुपारी चक्कर मारा. ग्वाल्हेरात राहून गळा नाही असं म्हणू नका! या गावात १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे, दर दुसऱ्या घरात कोणीतरी तिथे जाऊन आलेलं असतं. पहाटे खर्जाचा षड्ज लावून दहा मिनिटं बसलं की श्वास आपोआप लांबतो आणि डोक्यातली किरकिर खाली बसते. माझा षड्ज शेजाऱ्यांना आवडतो असा माझा दावा नाही.

रोजच्या वहीत दोन ओळी लिहा: आज काय केलं आणि त्यानंतर मन दहापैकी किती. पंधरा दिवसांनी आकडे बघा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त गुण सदैव 'भाजी आणायला स्वतः गेले' याला असतात. मेथी-चाकवत निवडणं, पेरूचा भाव करणं, भाजीवालीशी सुनेच्या तक्रारींवर बोलणं. ॲपवरून भाजी मागवणं मी हिवाळ्यापुरतं बंद केलं आहे.

सहावी पायरी: खाणं

गजकेचा महिना आहे, गजकेसाठी प्रसिद्ध मुरैना जवळ आहे, आणि मी संत नाही. पण दिवसभर गोड चरत राहिलं की तासाभराची तरतरी आणि मग आणखी सुस्ती. माझा नियम: गजक जेवणानंतर, दोन तुकडे, डबा परत कपाटात. सकाळी पोटभर आणि प्रथिनं असलेलं खा: मुगाचं धिरडं, अंडी, दही-पराठा, शेंगदाणे घातलेले पोहे. चौथा चहा दुपारी तीननंतर नको, रात्री तोच जागवतो. पाणी प्या, थंडीत तहान कळत नाही. 'थंडी घालवायला' म्हणून घेतल्या जाणाऱ्या पेल्याने कातडी गरम वाटते, पण शरीरातली ऊब बाहेर जाते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली.

सातवी पायरी: साडेपाच ते आठ

सकाळ सावरली तरी संध्याकाळ उरते. दिवेलागणीला पोटात एक खड्डा पडतो, विशेषतः एकट्या माणसाच्या. हा वेळ रिकामा सोडू नका. आठवड्यातल्या निदान तीन संध्याकाळी आधीच कोणाच्या तरी नावावर टाका. 'येईन कधीतरी' नको, 'बुधवारी सहाला येते, मटार करंज्या करून ठेव' असं.

आपलं गाव या बाबतीत श्रीमंत आहे. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी तानसेन समारोह असतो, २०२४ मध्ये त्याचं शंभरावं वर्ष झालं. शाल गुंडाळून बसायचं आणि ऐकायचं. मग १९०५ मध्ये ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केलेला मेला, म्हणजे इथली जत्रा. पुण्याच्या पाहुण्यांना या शब्दाचं फार हसू येतं, "कोण मेला?" म्हणतात. येऊ द्यावं. मेल्यात काही घ्यायलाच हवं असं नाही, दिव्यांच्या झगझगाटात दोन तास चालणं होतं आणि ओळखीची दहा माणसं भेटतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, नातवंडांची बोरन्हाणं. पूर्वी मला हा त्रास वाटायचा. आता पंधरा घरची आमंत्रणं आली तर मी सगळीकडे जाते, वाण परत काय द्यायचं या चिंतेसकट. ज्यांना या समारंभांत बोलावलं जात नाही अशा शेजारणींनाही बोलवा, एकटेपण त्यांच्याकडे सगळ्यात जास्त असतं.

बाहेर जाणं शक्य नसेल तर फोन करा, लिहून पाठवू नका. आवाज ऐकू येणं वेगळं असतं. मुलांनीही हे लक्षात ठेवावं: आईला 'गुड मॉर्निंग'चं फूल पाठवलं म्हणजे बोलणं झालं असं नाही.

आठवी पायरी: रात्र

झोपायच्या तासभर आधी फोन ठेवून द्या. अंथरुण आधी गरम करून घ्या, पण पाण्याच्या पिशवीने. आणि हे मी मोठ्या आवाजात सांगते: कोळशाची अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात घरंच्या घरं अशी जातात. शेकायचं तर दार-खिडकी उघडी ठेवून, जागेपणी, आणि निजायच्या आधी अंगीठी बाहेर.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, कामं अडत असतील, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून दाखवून या. थायरॉईड आणि रक्ताची कमतरताही हुबेहूब असंच सोंग घेतात, साध्या तपासणीत कळतं. गोळ्या आणि बोलण्याचा उपचार दोन्ही उपयोगी पडतात. जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावं असं मनात आलं, एकदा जरी, तर थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, हिंदीत बोला किंवा मराठीत. ग्वाल्हेरात जयारोग्य रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'लोक काय म्हणतील' याची काळजी असेल तर सोबत मैत्रिणीला न्या आणि लोकांना सांगा की दात दाखवायला गेलो होतो. आमच्या एका नातेवाइकांनी तीन वर्षं हेच सांगितलं. दात उत्तम आहेत त्यांचे, आणि ते स्वतःही आता बरे आहेत.

आणि तयारी कधी?

कोजागरीला. जानेवारीत रजईखालून नवी सवय लागत नाही. दूध आटवता आटवता ठरवून टाका: उठायची वेळ, खुर्चीची जागा, संध्याकाळची माणसं. दिवाळीपर्यंत ते अंगवळणी पडतं, मग कोहरा आला तरी पाय आपोआप गच्चीकडे वळतात.

रथसप्तमीला आम्ही चौकात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालतो, पूर्वेकडे. मागच्या खेपेला त्या सकाळीही कोहरा होता. धूर आणि कोहरा एकमेकांत मिसळून गेले, पूर्व नक्की कुठे यावर वन्संचा आणि माझा वाद झाला, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. फोनवर भाची ओरडत होती, "मावशी, कॅमेरा जरा डावीकडे कर, मला काहीच दिसत नाहीये!"